पसारा बाहेर ठेव

४ मार्च

प्रिय धाकट्या,

डेपोच्या पत्त्यावर माझं पत्र आलेलं पाहून दचकू नकोस. कोणाला काही झालेलं नाही. खरं तर फोनच करणार होते, पण तुमच्याकडे फोन वाजला की तो आधी खुडबुडी उचलते आणि स्पीकर लावून अख्ख्या घराला ऐकवते. आणि ही गोष्ट तिच्याच कानावर जाऊ द्यायची नाहीये.

मला तिच्यासाठी रोबोटिक्सचं किट घ्यायचं आहे. निमित्त काही नाही. आत्याला भाचीला काही द्यायला निमित्त कशाला हवं? परवा तू म्हणालास, तिने स्वतः जोडलेला तो यंत्रमानव कुठेतरी नाहीसा झाला आणि तेव्हापासून पोरगी स्क्रूला हात लावत नाही, नुसती खिडकीत बसते. ऐकून जीव हळहळला. कुठे गेला असेल कोण जाणे! तुझ्या बायकोच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आठवडाभर तुमच्याकडे होते खरी, पण स्वयंपाकघर आणि तो गुडघा यांतून मी मान वर काढली असेल तर शपथ. माझ्या काहीच लक्षात आलं नाही.

तर सुट्टीच्या दिवशी मी खेळण्यांच्या त्या मोठ्या दुकानात गेले. तिथल्या विक्रेतीबाईंनी माझ्यापुढे तीन खोकी मांडली. पहिल्यात गाडी. जमिनीवर काळी रेघ ओढली की ती मुकाट रेघेवरून जाते. दुसऱ्यात एक हात, जो पेला उचलून इकडचा तिकडे ठेवतो. तिसऱ्या खोक्यावर चित्रच नाही. आत मोटरी, चाकं, पट्ट्या, उजेड ओळखणारा एक तुकडा, आवाज ओळखणारा एक तुकडा आणि पुस्तिका म्हणावी तर चार पानं. मी विचारलं, "याचं काय बनतं?" तर बाई म्हणाल्या, "ते मूल ठरवतं." असल्या उत्तराने माझं डोकंच उठतं.

मला विचारशील तर हाताचं किट बरं. त्यात प्रत्येक तुकड्याला आपापला कप्पा आहे, कप्प्यावर आकडा आहे, खेळून झालं की सगळं जागच्या जागी. बाईंनी मला विचारलं, "मूल कसं आहे? पुस्तिका वाचून करणारं की उघडून बघणारं?" मला सांगता आलं नाही रे. आठवडाभर एकाच घरात राहून सांगता आलं नाही.

तू सांग, कोणतं घेऊ? गाडी आणि हात दोन्ही घेऊ? की तिन्ही घेऊन टाकू? उत्तर लवकर पाठव. बायकोला म्हणावं, जिना उतरायची घाई करू नकोस.

तुझी
ताई


११ मार्च

प्रिय ताई,

तुझ्या पत्राने डेपोत खळबळ उडाली. मला पत्र येतं ते एकतर दंडाचं नाहीतर बदलीचं, त्यामुळे फोडून होईपर्यंत चार ड्रायव्हर आणि दोन कंडक्टर माझ्या खांद्यावरून डोकावत होते. "रोबोटिक्सचं किट" वाचून सगळे निराश होऊन चहाला गेले.

ताई, तिन्ही घेऊन टाकू? बाई, तुला ताप वगैरे आलाय का? माझ्या लग्नात तू मला एक घड्याळ दिलंस, तेही "आंघोळीला जाताना काढून ठेव" असं चारचौघांत बजावून. ती तू आज तीन-तीन खोकी घ्यायला निघालीस. माझं ऐकशील तर एकही घेऊ नकोस. तिला सध्या काही नकोच आहे. जखमेवर खेळणं बांधून काय होणार?

आणि मी "नको" म्हणतोय म्हणून फुगू नकोस. आपल्या घरात या शब्दाची मालकी तुझी आहे. ताई, चहा घेतेस? नको. पंखा लावू? नको. जरा टेक की. नको. पाय सुजून भोपळा झाले तरी पाण्याचा पेला कोणी पुढे केला की आधी "नको"च. आज एक नको माझ्याकडून घे.

बाकी घरचं सांगतो. बायको काठी घेऊन बाथरूमपर्यंत जाते. खुडबुडी शाळेतून येते, दप्तर ठेवते आणि खिडकीत बसते. तिच्या कोपऱ्यात आता काहीच नाही. पूर्वी त्या कोपऱ्यात पाय टाकला की काहीतरी टोचायचंच. बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचं ते धड, बिघडलेल्या मिक्सरची मोटर, बाटल्यांच्या झाकणांची चाकं, डोक्यावर ती कसलीशी ताटली. तू पाहिलंच असशील. सगळे त्याला नावं ठेवायचो. तिने मात्र एकच नाव ठेवलं होतं, आणि तेही तिच्या आईकडून उचललेलं. आई दिवसातून दहादा ओरडायची, "आधी तो पसारा उचल!" म्हणून पोरीने त्याचं नावच ठेवलं पसारा. आई ओरडली की ही शहाणी त्याला उचलायची आणि दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवायची. आज्ञा पाळली म्हणून आईला बोलायला तोंड नाही. तू आलीस त्या आठवड्यातच हे नाव पडलं.

वाईट एकाच गोष्टीचं वाटतं. आमचा जिना झाडायला येतात त्या मावशी. त्यांनीच केर समजून तो उचलला असं सगळे धरून चाललेत. त्या नाही म्हणतात. सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्यांना सगळ्यांसमोर झापलं. ती झाकणं त्याच मावशी गोळा करून आणायच्या खुडबुडीसाठी, पदरात बांधून. आता खुडबुडी त्यांच्याशी बोलत नाही. परवा त्यांनी एक डबी आणून दिली, तर ही त्यांच्या तोंडावर "चोर" म्हणाली आणि दार लावून घेतलं. मी आतच होतो.

असो. किट राहू दे.

तुझा
धाकटा


१५ मार्च

धाकट्या,

तुझं पत्र मी हॉटेलातल्या कपडे बदलायच्या खोलीत उभ्याउभ्या वाचलं आणि तिथल्या बाकावर मटकन बसले. माझ्या हाताखालच्या मुली विचारायला लागल्या, "मॅडम, पाणी आणू?" मी काय म्हणाले असेन ते तुला ठाऊकच आहे.

पसारा हे त्याचं नाव होतं?

आता नीट वाच, आणि वाचून झाल्यावर माझ्याबद्दल काय वाटायचं ते वाटू दे. तो मावशींनी नेला नाही. मी टाकला.

निघायच्या आदल्या संध्याकाळची गोष्ट. तुझी बायको झोपली होती, तू दूध आणायला गेला होतास. मी खुडबुडीची खोली झाडायला घेतली. कोपऱ्यात तो डबा, वायरी, झाकणं, सगळ्याला गोंद फासलेला, वास सुटलेला. पोरगी न्हाणीघरात केस धूत होती, नळ धो धो चालू. मी दाराशी जाऊन ओरडले, "हा पसारा बाहेर ठेवू का गं?" आतून खणखणीत आवाज आला, "हो आत्या, पसारा बाहेर ठेव! पण सावकाश!"

सावकाश! मला वाटलं, माझ्या कंबरेची काळजी करतेय. मनात म्हटलं, किती गुणी पोर. तुमच्या घरात दिवसभर ज्याच्या त्याच्या तोंडी पसारा, पसारा ऐकत होते. मला वाटलं, सगळे घराबद्दल बोलताहेत. मी तो काळ्या पिशवीत भरला, पिशवी बांधली आणि खाली कचऱ्याच्या मोठ्या पिंपापाशी ठेवून आले. वर आणि हात धुताना खूश झाले, की खोली कशी आरशासारखी लख्ख झाली.

तू फोनवर तो हरवल्याचं सांगितलंस तेव्हाच मला ती पिशवी आठवली. तरी मनाला समजावलं, तिने स्वतः हो म्हटलं, मग माझी काय चूक? विसरली असेल, नाहीतर नंतर पश्चात्ताप झाला असेल. म्हणून गप्प बसले आणि दुकान गाठलं. "माझ्या काहीच लक्षात आलं नाही," असं तुला बिनदिक्कत लिहून मोकळी झाले, याचं मला आता नवल वाटतं.

मी हॉटेलातल्या शंभर खोल्यांची साफसफाई बघते. नव्या मुलीला पहिल्या दिवशी मी एकच धडा देते: टोपलीत असेल तो केर, टोपलीबाहेर असेल ती वस्तू. पाहुण्याच्या टेबलावर कागदाचा बोळा असला तरी हात लावायचा नाही. त्याने टोपलीत टाकला नाही म्हणजे त्याला तो हवा आहे. पाहुणे गेल्यावर काही सापडलं तर आमच्या कपाटात चिठ्ठी लावून ठेवायचं. त्या कपाटात आत्ता एक बाहुलीचा बूट आहे, बुद्धिबळातला एक उंट आहे आणि कोणा मुलाने जमवलेले खडे आहेत. खडे! ते मी जपून ठेवलेत. आणि सख्ख्या भाचीची वस्तू, तिच्या स्वतःच्या कोपऱ्यातली, पिशवीत कोंबून खाली नेली. परक्याच्या खोलीत जो मान राखते तो घरच्या पोरीचा राखला नाही. लहान आहे ना, तिची कसली वस्तू! असंच वाटलं असणार मला. दुसरं काही कारण सापडत नाही.

मावशींचं वाचून तर जेवण गेलं नाही. त्या बाईने झाकणं आणून दिली आणि चोर ठरली. मी सांगायला हवं. पण खुडबुडी मला काय म्हणेल याची धास्ती वाटते. तूच सांग, काय करू?

ताई


२२ मार्च

प्रिय ताई,

पत्र आलं त्याला तीन-चार दिवस झाले. रोज बसमध्ये बसलो की उत्तर जुळवायचो आणि शेवटच्या थांब्यापर्यंत विसरायचो.

तू टाकलास हे मला माहीत होतं.

त्या पहाटे तुला स्टँडवर सोडायला मी निघालो. तू पुढे, मी तुझी बॅग घेऊन मागे. पिंपापाशी काळी पिशवी होती आणि तिच्यावर तुझी ती दोन कान काढलेली गाठ. अशी गाठ आमच्या गल्लीत कोणी मारत नाही. पिशवीला भोक पडून झाकणाचं एक चाक बाहेर आलं होतं. मी थांबलो. तुला हाक मारणार होतो. वाकून पिशवी उचलायची आणि जिन्यात नेऊन ठेवायची, एवढंच काम होतं.

उचलली नाही. खरं सांगू? मनात म्हटलं, बरं झालं, सुटलो. दोनच रात्रींपूर्वी त्याच्यावर अडखळून माझ्या अंगठ्याचं नख उखडलं होतं. बायकोचं दुखणं, डबल ड्यूट्या, त्यात घरात ते घरघरणारं धूड. वाटलं, ताईने परस्पर निकाल लावला, आपल्या हाताला पाप नाही. तू मागे वळून विचारलंस, "काय रे, थांबलास?" मी म्हणालो, "चपलेत खडा गेला." आठवतंय?

दुपारी घरी आलो तर खुडबुडी जिन्यात बसलेली. शाळेला गेलीच नव्हती. मला विचारलं, "बाबा, तू सकाळी उतरलास तेव्हा पसारा दाराबाहेर होता का?" मी म्हटलं, "लक्ष नव्हतं बुवा. मावशींनी केर समजून उचलला असेल." किती सहज निघालं तोंडातून! कोणावर आळ घ्यायचा असं ठरवलंही नव्हतं. जीभ उचलली आणि टाळ्याला लावली. पुढे ते वाक्य सेक्रेटरींपर्यंत गेलं आणि मावशींच्या गळ्यात पडलं. बसमध्ये कोणाची छत्री राहिली तरी मी ती डेपोत जमा करतो, ताई. आणि हा असा.

आता रोज सकाळी मावशी जिन्यात दिसतात. मी ड्यूटीची घाई असल्यासारखा दोन-दोन पायऱ्या उतरतो.

पण मला असं वाटतं, आता उकरून काय उपयोग? पोरीचा आपल्या दोघांवरचा विश्वास उडेल. तू निदान अजाणता केलंस, माझं काय? मावशींशी मी हळूहळू गोड बोलायला लागेन, लोक विसरतील. तू आपलं किट पाठव. हवं तर तिन्ही पाठव. गाडी बघितली की पोरगी सगळं विसरेल.

धाकटा


२७ मार्च

धाकट्या,

लहानपणी फुलदाणी तू फोडायचास आणि मांजराचं नाव सांगायचास. आपल्याकडे मांजर नव्हतं, तरी सांगायचास. मला वाटलं होतं, सुधारलास.

तुझ्यावर चिडायला मी कोण म्हणा, आपण दोघं एकाच माळेचे मणी. पण किटने तोंड बंद करायचं नाही. तुझं पत्र यायच्या आत मी दुकानात जाऊन हाताचं किट बांधून घेतलं होतं. पत्र वाचलं आणि ते परत देऊन आले. पोरगी ते उघडेल, आनंदाने नाचेल, माझ्या गळ्यात पडेल, आणि खाली ती बाई चोर म्हणून जिना झाडत असेल. तो हात पेला उचलेल तेव्हा मला बघवेल का?

सोबत खुडबुडीला पत्र ठेवलंय. माझं मी लिहिलंय, तुझं नाही. तुझं तू सांग. पत्र देण्याआधी सांग. मग मावशींकडे जा, आणि सेक्रेटरींसमोर बोल, कारण त्यांना झापलं ते सगळ्यांसमोर. दोन-दोन पायऱ्या उतरून हे टळणार नाही.

मला भीती वाटते रे. तरी दे.

ताई


(सोबतचं पत्र)

लाडक्या खुडबुडी,

पसारा मावशींनी नेला नाही. तो मी टाकला. तू म्हणालीस "पसारा बाहेर ठेव" आणि मला वाटलं, तू कचऱ्याबद्दल बोलतेस. पसारा हे त्याचं नाव आहे हे मला माहीत नव्हतं. पण माहीत नसताना मी विचारायला हवं होतं. तुझे केस धुऊन होईपर्यंत थांबायला हवं होतं. नंतर कळलं तेव्हा लगेच सांगायला हवं होतं. यातलं मी काहीच केलं नाही.

तो परत आणता येणार नाही, याचं मला फार, फार वाईट वाटतं. तू रागावलीस तर बरोबरच आहे. मला पत्रात रागव, फोनवर रागव, कसंही चालेल.

एक विचारू? तुला तो बाहेर कशाला ठेवायचा होता?

आणि एक. दुकानात रोबोटिक्सची तीन किटं आहेत. त्यांची माहिती बाबाला कळवली आहे. ती पसाऱ्याच्या बदल्यात नाहीत, त्याच्या बदल्यात काही येत नाही. पण तुला पुन्हा काही करावंसं वाटलं तर कोणतं घ्यायचं ते तू ठरव. नको वाटलं तर नको म्हण. मला राग येणार नाही.

तुझी
आत्या


१४ एप्रिल

प्रिय आत्या,

तुझं पत्र मिळालं. बाबाने ते बरेच दिवस खिशात ठेवलं होतं. पाकीट मळून चुरगळलं होतं म्हणून मला कळलं. मग त्याने मला आणि आईला स्वयंपाकघरात उभं करून सगळं सांगितलं. आई बसली, कारण तिचा गुडघा. बाबा युनिफॉर्ममध्ये होता आणि टोपी हातात घेऊन नुसती फिरवत होता.

मी तुझ्यावर रागावले आहे. बाबावर जास्त रागावले आहे, कारण तुला माहीत नव्हतं आणि त्याला माहीत होतं. आई म्हणाली, हे बरोबर आहे, पण जेवताना बोलत जा. म्हणून मी फक्त जेवताना बोलते.

स्वतःवर पण रागावले आहे. मावशींनी नेला हे मला बाबाने सांगितलं, पण त्यांना चोर म्हण असं मला कोणी सांगितलं नव्हतं. ते माझं मीच म्हटलं.

रविवारी आम्ही खाली गेलो. बाबाने सेक्रेटरीकाकांची बेल वाजवली, त्यांना बाहेर बोलावलं आणि त्यांच्यासमोर मावशींना सगळं सांगितलं. त्याचा आवाज बसमध्ये एवढा मोठा असतो, तिथे अगदी बारीक झाला होता. काका म्हणाले, "बरं, बरं, झालं ते झालं." पण मावशी तसं म्हणाल्या नाहीत. मीपण सॉरी म्हटलं. त्या माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मी त्याची चाकं गोळा केली होती. मी कशी टाकीन?" मग त्या खालच्या मजल्यावर झाडायला गेल्या. आता मी रोज त्यांच्याशी बोलते, त्या थोडंच बोलतात. झाकणं आणत नाहीत. आई म्हणते, माफी मागितली की लगेच झाकणं मिळत नसतात.

तू विचारलं होतंस, पसारा बाहेर कशाला ठेवायचा होता. गोंद ओला होता आणि वासाने आईला मळमळायचं. म्हणून दाराबाहेर खिडकीपाशी ठेवायचा होता, रात्रभर. सावकाश अशासाठी म्हटलं की डोक्यावरची ताटली नुकतीच चिकटवली होती. ती पाण्याच्या पेल्यासाठी होती. तू आईला पाणी द्यायला सारखी स्वयंपाकघरातून खोलीत जायचीस आणि संध्याकाळी पाय बादलीत घालून बसायचीस. तेव्हा तुला वाटायचं, कोणी बघत नाहीये. पसारा पाणी नेणार होता म्हणजे तुला बसता आलं असतं. सकाळी तू जायच्या आधी मी तुला दाखवणार होते, पण मला जाग आली नाही. हे मी तुला वाईट वाटावं म्हणून सांगत नाहीये. तू विचारलंस म्हणून सांगितलं.

आता किटबद्दल. मला किट हवं आहे. रागावले आहे म्हणून किट नको, असं नाही. ते वेगळं आणि हे वेगळं. मला चित्र नसलेलं हवं. गाडीच्या किटची गाडीच होते आणि हाताचा हातच होतो, मग मी काय करायचं? ज्यात आवाज ओळखणारा तुकडा आहे तेच घे. नक्की तेच. बाबा म्हणाला, त्यात कप्पे नाहीत म्हणून तुला आवडलं नव्हतं. मी माझे डबे करीन आणि तुझं ते वाक्य डब्यावर लिहीन, टोपलीत असेल तो केर. बाबाने सांगितलं मला.

यावेळी मी आधीच नाव ठरवून ठेवलं आहे, आणि सगळ्यांना सांगितलं आहे, मावशींनापण. नाव आहे नको. म्हणजे कोणाला तो टाकावासा वाटला तर त्याचं नाव घेऊन बघायचं. नको टाकू. नको उचलू. नको बाहेर ठेवू. आपोआप बरोबरच वाक्य होतं. मावशींना सांगितलं तेव्हा त्या हसल्या. तोंड फिरवून हसल्या, पण मी पाहिलं.

आणि आवाजाचा तुकडा यासाठी हवा आहे की त्याला स्वतःचं नाव ओळखता यायला पाहिजे. तेवढं मी शिकवीन त्याला. हाक मारली की त्याने यायचं. डोक्यावर ताटली पुन्हा लावणार आहे, यावेळी स्क्रूने, गोंदाने नाही.

तू ये आत्या. तुला कोणी विचारेल, पाणी हवं का? तू नको म्हणशील. मग तो घेऊन येईल.

तुझी
खुडबुडी